अटी लागू : हिरव्या शब्दांची उलटतपासणी

श्रावण लागला की पेणच्या कारखान्यांतून निघालेल्या गणेशमूर्ती मुंबई-पुण्याच्या मांडवांत येऊन बसतात आणि त्यांच्या डोक्यावर एक पाटी लागते : ‘इको-फ्रेंडली गणपती मिळतील’. पाटीखाली शाडूची मूर्ती असते, कागदाच्या लगद्याची असते, लाल मातीत बी घालून केलेलीही असते. विक्रेत्याला जरा खोदून विचारलं, तर एखादी प्लास्टर ऑफ पॅरिसचीच मूर्ती ‘इको-फ्रेंडली रंगात’ रंगवलेली निघते. पाटीवर खोटं लिहिलेलं नसतं, पण तिथे निम्मंच लिहिलेलं असतं.

शाडूची मूर्ती पाण्यात लवकर विरघळते, हे खरं. पण ही माती बहुतांशी गुजरातेतून ट्रकने येते, ती जमिनीतून खणून काढलेली असते आणि विसर्जनानंतर तिचा गाळ कुठे तरी साचतोच. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम भाजून केलेली भुकटी. तिची मूर्ती नदीत महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तिला मनाई केली. गंमत अशी, की तीच मूर्ती घरात बादलीभर पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून बुडवली तर दोन-तीन दिवसांत विघटित होते. खाली उरतो कॅल्शियम कार्बोनेटचा साका आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत सुचवली आणि पुणे महापालिकेने हे रसायन नागरिकांना मोफत वाटलंही. मूर्ती तीच. नदीत सोडली तर प्रदूषक, बादलीत विरघळवली तर बागेच्या कामाची. मग मांडवातल्या पाटीवरचं विशेषण नक्की कुणाला लावायचं, मूर्तीला की विसर्जनाच्या पद्धतीला?

पर्यावरणाचे बहुतेक शब्द असेच अटीसकट जन्माला येतात. प्रयोगशाळेत, कायद्यात किंवा संशोधकाच्या निबंधात ती अट स्पष्ट लिहिलेली असते : इतक्या तापमानाला, इतक्या दिवसांत, अमक्याच्या तुलनेत. शब्द बाजारात येईपर्यंत अट गळून पडते आणि हिरवं पान छापलेलं विशेषण तेवढं उरतं.

भाजीवाल्याकडची हिरवट, हाताला जराशी खरखरीत लागणारी पिशवी घ्या. तिच्यावर ‘कंपोस्टेबल’ लिहिलेलं असतं. नियमाप्रमाणे ती बनवणाऱ्याकडे केंद्रीय मंडळाचं प्रमाणपत्र असावं लागतं आणि पिशवीवर उत्पादकाचं नाव व प्रमाणपत्र क्रमांक छापावा लागतो. साध्या प्लास्टिक पिशवीला ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन जाडीचं बंधन आहे. कंपोस्टेबल पिशवीला ते नाही. त्यामुळे पातळ पिशवी विकायची सोय या एका शब्दात आहे, आणि क्रमांक नसलेल्या ‘कंपोस्टेबल’ पिशव्या बाजारात का दिसतात याचं उत्तरही त्यातच आहे.

बरं, प्रमाणपत्र खरं असलं तरी त्यामागची चाचणी कोणती? ठेचलेल्या, ओलसर, हवा खेळत्या खतात सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाला ही पिशवी ठेवतात आणि सहा महिन्यांत तिच्यातल्या कार्बनपैकी किमान ९० टक्क्यांचा कार्बन डायऑक्साइड झाला की नाही, ते मोजतात. अठ्ठावन्न अंश हे मोठ्या खतप्रकल्पातल्या ढिगाचं तापमान आहे. गॅलरीतल्या कुंडीत किंवा सोसायटीच्या ड्रममध्ये ते सहसा येत नाही, आलं तरी टिकत नाही. कचरा डेपोच्या तळाशी हवाच नसते. तिथे जे कुजतं त्यातून मिथेन निघतो. आणि नाल्यात गेलेली पिशवी कुणाच्याही चाचणीत बसत नाही.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी या शब्दांची सरळ परीक्षाच घेतली. साधी, ‘बायोडिग्रेडेबल’, ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ आणि ‘कंपोस्टेबल’ अशा नाना पिशव्या त्यांनी उघड्या हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवून दिल्या. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही इतकी शाबूत होती, की तिच्यातून बाजार आणता आला असता. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली. मातीत मात्र २७ महिन्यांनीही ती होती, फक्त वजन पेलण्याइतकी उरली नव्हती. उघड्या हवेत ठेवलेल्या सगळ्याच पिशव्यांचे नऊ महिन्यांत तुकडे झाले.

तुकडे होणं आणि विघटन होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑक्सो-बायोडिग्रेडेबल प्लास्टिकमध्ये मिसळलेलं रसायन उन्हात आणि हवेत प्लास्टिकचा चुरा करतं. डोळ्यांना पिशवी दिसेनाशी होते, पण प्लास्टिक तिथेच असतं. युरोपीय संघाने २०१९ च्या कायद्याने या प्रकाराच्या वस्तूंवर बंदीच घातली. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा तुकड्यांना ‘मायक्रोप्लास्टिक’ म्हणतात. हा शब्द जगभर रुळवला तोही याच थॉम्पसन यांच्या २००४ सालच्या एका छोट्या शोधनिबंधाने. समुद्रात टाकलेलं एवढं प्लास्टिक जातं कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर वाळूच्या कणांत मिसळलेलं सापडलं.

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणाची कथा याहून मजेदार आहे. १९७० साली, पहिल्या वसुंधरा दिनाच्या सुमारास, कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या पुठ्ठ्याच्या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा घेतली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातला गॅरी अँडरसन हा वास्तुकलेचा विद्यार्थी ती जिंकला. एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या तीन बाणांचं त्याचं चिन्ह कागदासाठी होतं आणि कुणालाही वापरता येईल असं मोकळं होतं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तसेच बाण घेतले, मधे १ ते ७ यांपैकी एक आकडा घातला आणि तो डब्याच्या तळाशी ठोकला. त्या आकड्याचं काम एवढंच : प्लास्टिक कोणत्या जातीचं आहे ते सांगणं. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, २ म्हणजे तेलाच्या कॅनचं जाड पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ६ म्हणजे थर्माकोलचं पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. वस्तूचं पुनर्चक्रण होतं किंवा होईल असं ते चिन्ह कधीच म्हणत नव्हतं. ग्राहकांनी मात्र तसंच वाचलं, आणि उद्योगाने ते खोडून काढायची घाई केली नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने बाण काढून साधा भरीव त्रिकोण ठेवायला सांगितलं, तोवर पंचवीस वर्षं गेली होती.

प्रत्यक्षात काय होतं? १९५० पासून २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचं पुनर्चक्रण झालं, १२ टक्के जाळला गेला आणि बाकीचा कचराभूमीत किंवा उघड्यावर गेला, असा हिशेब रोलंड गायर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडला. तांत्रिकदृष्ट्या यातलं बरंचसं प्लास्टिक ‘रीसायकलेबल’ होतं. पण एखादी वस्तू पुन्हा वापरात येते ती कुणीतरी ती उचलली, वेगळी केली आणि विकत घेतली तर. पुण्यात हे काम करणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. त्यांच्यापैकी कुणालाही विचारलं तर त्रिकोणातल्या आकड्यापेक्षा खात्रीचं उत्तर मिळेल. दुधाची पिशवी धुऊन ठेवली तर भंगारवाला तिचे पैसे देतो. वेफर्सच्या पुड्याला, शाम्पूच्या सॅशेला कुणी विचारत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर असे चिकटवलेले असतात की ते सुटे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त येतो. तेव्हा ‘रीसायकलेबल’ची खरी अट भंगाराच्या दुकानातल्या भावात लिहिलेली आहे.

ही तफावत भरून काढायला आणखी एक संज्ञा आली : ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’, म्हणजेच ईपीआर. ज्याने पुडा बाजारात आणला, त्यानेच तो परत गोळा करण्याचा खर्च उचलायचा, ही कल्पना स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडली. भारतात प्लास्टिक वेष्टनांसाठी तिचे सविस्तर नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये आले. कंपनीने स्वतः कचरा गोळा करावा असं नाही. पुनर्चक्रण करणाऱ्याकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रं घेतली तरी चालतं. मग काही पुनर्चक्रणवाल्यांनी न केलेल्या कामाचीही प्रमाणपत्रं विकली आणि केंद्रीय मंडळाला त्यांच्यावर कारवाई करावी लागली.

आता हवेकडे. हिवाळा सुरू झाला की मुंबईत सकाळी फोनवर आधी हवेचा आकडा पाहणारे खूप झाले आहेत. एक्यूआय म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. भारतात तो एप्रिल २०१५ पासून आठ प्रदूषकांवर काढला जातो : पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. अनेकांना वाटतं, की ही आठांची बेरीज असावी किंवा सरासरी तरी. तसं नसतं. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट असेल तोच हवेचा आकडा म्हणून जाहीर होतो. आपल्याकडे हा मान बहुतेक वेळा धूलिकणांकडे जातो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा. इतके बारीक कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचतात.

या आकड्याच्या अटी दोन. पहिली वेळेची. कणांसाठी चोवीस तासांची सरासरी घेतात आणि केंद्रीय मंडळाचं पत्रक रोज दुपारी चार वाजता निघतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकरा वाजता श्वास कोंडतो, तेव्हाचा धूर दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात शांत तासांबरोबर मिसळून येतो. दुसरी अट पट्टीची. समजा, हवेत पीएम २.५ दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. भारताच्या चोवीस तासांच्या मानकाची ही कमाल मर्यादा. निर्देशांक येतो १०० आणि वर्ग ‘समाधानकारक’. तीच हवा अमेरिकेच्या पट्टीवर मोजली तर आकडा दीडशेच्या वर जातो आणि वर्ग होतो ‘आरोग्यास अपायकारक’. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा तर १५ आहे, म्हणजे चौथा हिस्सा. दोन ॲपमध्ये दोन आकडे दिसले की लोक यंत्राला दोष देतात. यंत्रं बहुधा ठीक असतात, ॲपची पट्टी वेगळी असते. आकडा वाचताना तो कोणत्या देशाच्या पट्टीवरचा आहे, एवढं पाहिलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. उरलेला अर्धा धोरणाचा आहे : एखाद्या देशाने आपली पट्टी किती सैल ठेवायची, हा प्रश्न फोन सोडवू शकत नाही.

सगळ्यांत मोठी गर्दी कार्बनच्या शब्दांची. कार्बन फुटप्रिंट, कार्बन न्यूट्रल, नेट झिरो, कार्बन क्रेडिट... वर्तमानपत्राच्या अर्थपानावर एखादा दिवस यांच्याशिवाय जात नाही. यांचं मूळ एकक साधं आहे. भारतातल्या विजेच्या जाळ्यातून एक युनिट वीज घेतली, तर तिच्या निर्मितीत सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब झाला सत्तर किलो. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर संपतो तेव्हा चाळीसेक किलो, लिटरभर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोंच्या आसपास. मिथेनसारखे इतर वायू याच मापात बसवायचे तर त्यांना गुणक लावतात. इथेही अट आहेच : शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापवतो, वीस वर्षांचा धरला तर सुमारे ८० पट. मिथेन लवकर नाहीसा होतो, पण असतो तोवर फार तापवतो. भातखाचरं, गुरंढोरं आणि कचरा डेपो किती दोषी, हे कोणता काळ धरला यावर ठरतं.

‘फुटप्रिंट’ची कल्पना कॅनडातल्या विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांच्या १९९० च्या दशकातल्या कामातून आली. एखाद्या शहराला जगायला किती जमीन लागते, असा त्यांचा प्रश्न होता. घराघरांत ती पोचवली मात्र एका तेलकंपनीने. बीपीने २००४ मध्ये आपल्या संकेतस्थळावर कार्बन फुटप्रिंट मोजायचं साधन ठेवलं आणि जाहिरातींतून लोकांना विचारलं, तुमचा फुटप्रिंट किती? तेल विकणाऱ्याने तेल वापरणाऱ्याला हिशेब मागावा, याची खिल्ली आजवर उडवली जाते. मोजणी निरुपयोगी नाही. घरातलं कोणतं काम किती जड, ते तिच्यातून कळतं. पण शहरात बस वेळेवर येते की नाही आणि वीज कोळशाची येते की उन्हाची, हे एकट्या घराच्या हातात नसतं.

‘कार्बन न्यूट्रल’ हा शब्द सर्वांत सैल. एखाद्या कंपनीने शंभर टन उत्सर्जन केलं आणि तेवढ्याच टनांची क्रेडिट विकत घेतली, की तिला स्वतःला न्यूट्रल म्हणवता येत होतं. ही क्रेडिट कुठे झाडं लावण्याची असतात, कुठे जंगलतोड टाळल्याची, कुठे सुधारित चुलींची. ॲपलने २०२३ मध्ये आपलं घड्याळ कार्बन न्यूट्रल असल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या न्यायालयाने त्या देशात तशी जाहिरात करायला मनाई केली. घड्याळाच्या उरलेल्या उत्सर्जनाची भरपाई पॅराग्वेतल्या निलगिरीच्या लागवडीने होणार होती. त्या जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश भागाचा भाडेकरार २०२९ पर्यंतच पक्का होता. पुढे तिथे झाडं राहतील याची खात्री काय? हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो आणि झाडांचा करार काही वर्षांचा, हे गणित न्यायालयाला पटलं नाही. निव्वळ क्रेडिटच्या आधारावर वस्तूला न्यूट्रल म्हणायला सप्टेंबर २०२६ पासून संपूर्ण युरोपीय संघातच बंदी आहे.

‘नेट झिरो’ त्या मानाने कडक. आधी उत्सर्जन शक्य तितकं कमी करायचं आणि जे अगदी टळत नाही तेवढंच हवेतून परत शोषून घ्यायचं, असा त्याचा अर्थ. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०७० हे वर्ष जाहीर केलं. त्याआधीचा टप्पा मात्र निराळ्या भाषेत आहे : २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत सकल उत्पन्नामागची ‘उत्सर्जन तीव्रता’ ४५ टक्क्यांनी कमी करायची. तीव्रता म्हणजे दर रुपयामागचं उत्सर्जन. गाडीचं मायलेज सुधारलं आणि फेऱ्या दुप्पट झाल्या, तर पेट्रोल जास्तच लागतं. तसंच तीव्रता घटूनही एकूण उत्सर्जन वाढू शकतं आणि भारतात ते वाढत आहे. विकसनशील देशाने असं उद्दिष्ट धरणं गैर नाही. बातमीचा मथळा ‘उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवणार’ असा करणं गैर आहे. विजेच्या आकड्यांतही हीच गफलत होते. जुलै २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, हे खरोखर मोठं काम. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सौर पॅनेल रात्री झोपतं, कोळशाचा संच चालू राहतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सुमारे ७० टक्के आहे.

शब्दाचा असा सोयीने वापर करण्यालाच ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. हा शब्द जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी पर्यावरण कार्यकर्त्याच्या १९८६ मधल्या निबंधातला मानला जातो. फिजीच्या एका रिसॉर्टमध्ये त्यांना पाटी दिसली होती : समुद्र वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. रिसॉर्ट तेव्हा किनाऱ्यावर नवं बांधकाम करत होतं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘शाश्वत’ असे शब्द नुसते वापरता येत नाहीत. दावा संपूर्ण वस्तूचा आहे की तिच्या वेष्टनाचा, निर्मितीचा आहे की विल्हेवाटीचा, हे सांगावं लागतं आणि पुरावा जाहिरातीत किंवा क्यूआर कोडमागे ठेवावा लागतो. तांत्रिक संज्ञा ग्राहकाला समजेल अशा भाषेत उलगडून सांगायचीही सक्ती आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. नियम चांगले आहेत. दुकानातल्या शेल्फवर ते अजून फारसे उतरलेले नाहीत.

कंपन्यांना मात्र एकट्यांनाच धारेवर धरणं बरोबर नाही. सरकारी शब्दांनाही अटी असतात आणि त्या कित्येकदा जाहिरातीतल्यापेक्षा खोल लपलेल्या असतात. याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘वनाच्छादन’.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था साधारण दर दोन वर्षांनी वन स्थितीचा अहवाल काढते. २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशाच्या २१.७६ टक्के भूभागावर वनाच्छादन आहे. आकडा ऐकून डोळ्यांपुढे येतो तो ताडोबाचा साग-बांबू किंवा आंबोलीचं दाट रान. व्याख्या वेगळं सांगते. उपग्रहातून पाहताना एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांच्या शेंड्यांनी किमान १० टक्के जमीन झाकली असेल, तर ते वनाच्छादन. जमीन कुणाच्या मालकीची, झाडं कोणत्या जातीची, लावलेली की आपोआप आलेली, हे काहीच पाहिलं जात नाही. त्यामुळे रत्नागिरीतली हापूसची बाग, सिंधुदुर्गातली काजूची लागवड, गोव्यातलं माडांचं बन, सगळं या आकड्यात बसू शकतं. व्याख्येत लबाडी नाही, ती अहवालातच छापलेली असते. उपग्रहाला पान दिसतं, सातबारा दिसत नाही. पण ‘वनाच्छादन वाढलं’ या बातमीचा अर्थ ‘जंगल वाढलं’ असा होईलच, असं मुळीच नाही. जुनं मिश्र जंगल एकीकडे तुटलं आणि दुसरीकडे तेवढीच लागवड उभी राहिली, तर बेरीज तीच राहते.

याच व्याख्येची दुसरी बाजू महाराष्ट्राला जास्त बोचणारी आहे. जिथे झाडांचं छत्र १० टक्क्यांपेक्षा कमी, ती वनजमीन अहवालात ‘झुडपी’ ठरते आणि बाकीची उघडी जमीन ‘वनेतर’. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा इथली माळरानं नेमकी यातच जातात. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशावलीतही अशा गवताळ जमिनींचा समावेश होत आला आहे. ही नजर इंग्रजांच्या महसूल खात्यापासून चालत आलेली : जी जमीन सारा देत नाही, ती वाया गेलेली. प्रत्यक्षात कमी पाऊस आणि मुरमाची पातळ माती यांत हजारो वर्षांत घडलेली ही परिसंस्था आहे. पवना, मारवेल, कुसळी अशी गवतं, मधूनच हिवर किंवा बोर, त्यात चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, तणमोर. धनगरांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या इथेच चरत आली. गवताचा बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, म्हणून उन्हाळ्यात वणवा लागून वरचं गवत जळालं तरी तो टिकतो.

अशा जमिनीला पडीक म्हटलं की तिचं ‘हरितीकरण’ करावंसं वाटतं. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी अशा चढत्या उद्दिष्टांनी वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. माळावर खड्डे खणून लावलेलं गिरिपुष्प जगलं तर उपग्रहाला हिरवं दिसतं, अहवालात छत्र वाढतं आणि उघड्या माळावरच अंडी घालणाऱ्या माळढोकासारख्या पक्ष्याची जागा जाते. सोलापूरजवळचं नान्नज अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठीच घोषित झालं. आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. त्याला संपवणारी कारणं बरीच आहेत : शिकार, विजेच्या तारा, उसाखाली गेलेली शिवारं, बदललेली शेती. चुकीच्या जागी लावलेली झाडं हे त्यांतलंच एक, आणि सर्वांत कमी बोललं गेलेलं.

अलीकडे वनखात्यातूनच थोडी उलट हालचाल दिसू लागली आहे. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. पर्यटक पैसे भरून जीपमधून लांडगे आणि चिंकारा बघायला जातात, गावातल्या तरुणांना वाटाड्याचं काम मिळतं. वन सर्वेक्षणाच्या तक्त्यात मात्र ज्या रकान्यांची बेरीज करून २१.७६ हा आकडा निघतो, त्यांत अशा माळासाठी अजून रकाना नाही.